सतरा एकांचा भागाकार

मित्रांनो, मी एक जुना गणक आहे. बटणं दाबायचा नव्हे, हाताने मूठ फिरवायचा. मला ना वीज लागते, ना पडदा. माझ्या अंगावर दहा खटके आहेत, पोटात पितळेची चाकं आहेत, खाली एक सरकणारी गाडी आहे आणि तिच्यात अठरा आकड्यांची लांब खिडकी आहे. उजवीकडे मूठ. ती पुढे फिरवली की बेरीज होते, मागे फिरवली की वजाबाकी. आता तुम्ही मला शाळेच्या गणिताच्या वर्गात, भूमितीच्या लाकडी त्रिकोणांशेजारी ठेवलं आहे. तुम्ही येता, मूठ गरगरा फिरवता, घंटी वाजली की हसता आणि पळता. तुमचं काही चुकत नाही. घंटी वाजवायची हौस मलाही आहे. पण आज थोडं थांबा, मला काही सांगायचं आहे.

ज्या कारखान्यात मी जन्मलो, तिथे शेवटच्या टेबलावर एक तपासनीस बसत असे. जाड भिंगाचा चष्मा आणि बोटांना कायम तेलाचा वास. कुठलाही गणक दाराबाहेर जाण्याआधी तो एकच हिशोब करून बघायचा. खटक्यांवर १२३४५६७९ मांडायचं, मधला आठ गाळून, आणि मूठ नऊ वेळा फिरवायची. चाकं नीट असतील तर खिडकीत नऊ एक ओळीने उभे राहत. एखादं चाक अडखळलं तर त्या ओळीत लगेच डोळ्यांत भरे. माझ्या खिडकीत नऊच्या नऊ एक आले, तेव्हा त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, जा बाळा, नाव काढ.

मी गेलो तो मोजणी कार्यालयात. जमीन, रस्ते, टेकड्यांची उंची मोजणारी माणसं दिवसभर उन्हातान्हात फिरून आकडे आणत आणि ते आकडे आमच्या खोलीत येऊन पडत. तिला आकडेमोडीची खोली म्हणत. सहा टेबलं, सहा गणक, उंच खिडक्या आणि सगळीकडून येणारा मुठींचा करकर आवाज. या खोलीचा एक नियम होता, दुबार. कुठलंही गणित दोन माणसांनी, दोन गणकांवर, एकमेकांचं न बघता करायचं. दोन्ही उत्तरं जुळली की वहीत दोन रकान्यांत दोघांनी आपापली खूण करायची. नाही जुळली, तर तिबार. आणि वहीत काही चुकलं तर खोडायचं नाही. त्यावर एक सरळ रेघ मारायची, बाजूला खरं लिहायचं आणि सही करायची. तिथल्या माणसांना हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की घरी कुलूप लावल्यावरही ती दोनदा ओढून बघत.

माझ्या टेबलावर ज्या बसत, त्यांना मी माझ्या बाई म्हणतो. आल्या तेव्हा जेमतेम बावीस वर्षांच्या होत्या. गणितात पुढे शिकायचं त्यांच्या मनात होतं, पण वडील अंथरुणाला खिळले आणि पाठची तीन भावंडं होती, तेव्हा पुस्तकं मिटून नोकरी धरली. याबद्दल त्या कधी रडगाणं गात नसत. फक्त एकदा म्हणाल्या होत्या की घरचं घरच्यांचं, ऑफिसचं ऑफिसचं, यात माझं असं काही नाही.

त्यांच्या समोरच्या टेबलावर एक गृहस्थ होते, वयाने वीस-बावीस वर्षांनी मोठे. त्यांचं खरं आडनाव सगळे विसरले होते. पडताळा घेतल्याशिवाय ते चहासुद्धा पीत नसत, म्हणून खोलीने त्यांचं नाव पडताळे ठेवलं होतं. बाई त्यांना काका म्हणत. ते बाईंना बाईच म्हणत, अहो-जाहो करत, आणि कामापलीकडे फार बोलत नसत. बाईंच्या गणिताची दुबार तेच करायचे.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाईंनी गंमत म्हणून माझ्यावर तो तपासनिसाचा हिशोब केला. नऊ एक उभे राहिले. त्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, काका, नुसत्या एकांच्या संख्या फुटतात कशा, पाहिलंय का कधी? पडताळ्यांनी डबा बाजूला सारला. मग दोघांनी मांडायला सुरुवात केली. अकराला कशानेच भाग जात नाही. एकशे अकरा म्हणजे तीन गुणिले सदतीस. पाच एक म्हणजे एक्केचाळीस गुणिले दोनशे एकाहत्तर. सहा एकांचं काही विशेष नाही, कारण सहाचेच तुकडे पडतात. तीन-तीन एकांचे दोन गट केले की एकशे अकराने भाग जातोच. प्रश्न उरतो तो जिथे एकांची मोजदादच फुटत नाही तिथे. सात एक म्हणजे २३९ गुणिले ४६४९. अकरा एक फुटले, तेरा एकही फुटले. पुढे सतरा.

सतरा एक काही केल्या फुटेनात.

पडताळ्यांनी ती संख्या कागदावर पाच, पाच, पाच आणि दोन अशा गटांत लिहिली, मोजायला चूक नको म्हणून. मग उजवीकडून एकेका आकड्यावर बोट ठेवत जुनी नावं म्हटली. एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य. परार्धाला एकच घर कमी पडलं. ज्याने कुणी ही नावं ठेवली, त्याला आधी अंत्य आठवला आणि मग मध्य, याचं त्यांना फार हसू आलं. त्यांना हसताना खोलीने पहिल्यांदा पाहिलं असावं.

तेव्हापासून ती संख्या बाईंची झाली. कुठल्या तरी मोठ्या ग्रंथालयात, जाडजूड पुस्तकात तिचं उत्तर फार पूर्वीच छापलेलं होतं, हे मला नंतर कळलं. आमच्या वाचनालयात ते पुस्तक नव्हतं, आणि असतं तरी बाईंनी उघडलं असतं असं मला वाटत नाही. ही एक गोष्ट त्यांना स्वतःच्या हाताने हवी होती.

पण शोधायचं कसं? एकामागून एक सगळ्या संख्यांनी भागत बसलं तर सात जन्म पुरायचे नाहीत. बाईंनी फुटलेल्या तुकड्यांकडे नीट बघितलं. पाच एकांचे तुकडे ४१ आणि २७१. दोन्ही दहाच्या पटीपेक्षा एकाने जास्त. सात एकांचे २३९ आणि ४६४९. दोन्ही चौदाच्या पटीपेक्षा एकाने जास्त. तीन एकांतला तीन तेवढा वेगळा निघाला, बाकी सगळीकडे हेच. जितके एक, त्याची दुप्पट, तिची पट आणि वर एक. असं का होतं हे त्यांनी दोन आठवडे डोकं खाजवून सिद्ध केलं, तीनच्या अपवादासकट, आणि पडताळ्यांनी ती सिद्धता तीनदा वाचली. म्हणजे सतरा एकांसाठी फक्त चौतीसच्या पटींपेक्षा एकाने मोठ्या संख्या बघायच्या. त्यातूनही ज्यांना तीन, सात, अकरा असल्या लहान आकड्यांनी भाग जातो त्या गाळायच्या.

मग रोजचा क्रम सुरू झाला. पाऊण तासाची सुट्टी. दहा मिनिटांत जेवण, आणि उरलेल्या वेळात दहा भागाकार. सतरा एक माझ्यावर एकदम मांडता येत नसत. आधी दहा खटके, मग गाडी सरकवून उरलेले सात. मग भाजक मांडायचा आणि मूठ मागे फिरवत जायचं. वजा, वजा, वजा. जास्त वजा झालं की माझी घंटी वाजते. वाजली की एक फेरी पुढे, गाडी एक घर डावीकडे, आणि पुन्हा वजा. शेवटच्या घरापर्यंत गेलं की खिडकीत उरते ती बाकी. बाई माझ्यावर करत, पडताळे त्यांच्या गणकावर. दोघांची बाकी जुळली की वहीत दोन खुणा. बाईंची खूण साधी तिरकी रेघ, पडताळ्यांची शेपूट वळवलेली.

बाकी शून्य कधीच यायची नाही. दिवस गेले, महिने गेले. मधे बाईंचं लग्न झालं. नवरा चांगला होता, चेष्टेखोर. संध्याकाळी विचारायचा, "काय म्हणतायत तुझे सतरा भाऊ?" बाई म्हणायच्या, एकीने आहेत, फुटत नाहीत. ऑफिसातले लोक आधी हसले, मग कौतुक करू लागले आणि शेवटी विसरून गेले. मी मात्र त्या पाऊण तासाची सकाळपासून वाट बघत असे. दिवसभर दुसऱ्यांच्या टेकड्या मोजायच्या आणि दुपारी आपली चढायची, असं काहीसं ते होतं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची वर्षं तीच.

चार वर्षं अशी गेली. भाजक वीस लाखांच्या पुढे गेले. आणि तेव्हा पडताळ्यांच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढायचे ठरले. तीन आठवडे रजा. जाताना ते बाईंच्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, मी येईपर्यंत थांबा, उगाच पुढे जाऊ नका. बाई हो म्हणाल्या.

त्या थांबल्या नाहीत. पहिले दोन दिवस थांबल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी हात स्वस्थ बसेना. नुसते करून ठेवू, ते आले की दुबार होईलच, असं म्हणून सुरुवात केली. रोज बाकी येत होती, रोज तीच निराशा, आणि हे सगळं त्या माणसाला नव्या डोळ्यांनी पुन्हा करायला लावायचं हे त्यांना नको वाटायला लागलं. शिवाय कबूलही करावं लागलं असतं, की दुबार न करताच पुढे गेले. तीन आठवड्यांच्या शेवटी एकशे साठ भागाकार झाले होते. त्या शनिवारी खोलीत कुणी नसताना बाईंनी वही उघडली आणि दुसऱ्या रकान्यात एकशे साठ खुणा केल्या. शेपूट वळवलेल्या.

पडताळे परत आले. वहीची पानं पुढे गेलेली पाहून त्यांनी विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या की दुबार शेजारच्या टेबलावरून करून घेतली, खूण तुमच्या नावाची केली, रकाना मोडू नये म्हणून. ते बरं म्हणाले. त्या खोलीत खुणेबद्दल कुणी खोटं बोलेल हे त्यांच्या मनातही आलं नाही.

आता माझं ऐका. त्याच्या दोन वर्षं आधीपासून ऑफिसने काटकसर म्हणून तेलवाल्याला बोलावणं बंद केलं होतं. तेलवाला म्हणजे आमचा वैद्य. सहा महिन्यांनी येऊन आम्हाला उघडायचा, पुसायचा, तेल द्यायचा. तो येईनासा झाला आणि माझ्या आठव्या चाकाचा एक दात झिजला. वजा करताना सातवं चाक शून्यावरून नवावर गेलं, की आठव्याने एक घर मागे यायचं असतं. यालाच तुम्ही हातचा म्हणता. शंभरातून एखाद्या वेळी माझं आठवं चाक ढिम्म राहायचं. बाईंची आणि पडताळ्यांची उत्तरं अधूनमधून जुळेनाशी झाली होती ती यामुळेच. बाईंना वाटायचं, आपलाच हात चुकला. तिबार व्हायची आणि सगळं सुरळीत व्हायचं.

त्या एकशे साठांत एक भाजक होता वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस. बाईंनी मूठ फिरवली, घंट्या वाजल्या, गाडी सरकत गेली, आणि मधल्या एका फेरीला माझ्या आठव्या चाकाने हातचा खाल्ला. शेवटी खिडकीत बाकी उभी राहिली, सतरा लाख तेरा हजार एकशे आठ. बाईंनी ती लिहिली आणि पुढचा भाजक मांडला. काहीतरी निसटलं, हे मला पोटात कळलं होतं. पण गणकाला सांगता येतं ते खिडकीतून आणि घंटीतून. माझी खिडकी खोटं सांगत होती आणि घंटी गप्प होती.

खरी बाकी शून्य होती, मित्रांनो. सतरा एक त्या दुपारी माझ्या पोटात फुटले होते.

त्यानंतर ते दोघं सहा वर्षं पुढे चालत राहिले. वीस लाखांवरून साठ लाखांपर्यंत. प्रत्येक भागाकार दुबार, प्रत्येक खूण खरी, आणि सगळं व्यर्थ. त्याच वर्षांत पडताळ्यांची बायको वारली. ते चौथ्या दिवशी कामावर आले आणि दुपारी नेहमीसारखे दहा भागाकार केले. बाईंना मुलगी झाली. मग पडताळ्यांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला, नजर कडांनी विझत गेली, आणि मुदतीआधीच ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांनी वही बाईंच्या हातात दिली. बाईंनी त्यानंतर एकही भागाकार केला नाही. दुबार करायला माणूस नाही, असं त्या म्हणाल्या.

पुढच्याच वर्षी बटणांचे गणक आले. हलके, बिनआवाजाचे. त्यांच्या खिडकीत सतरा एक मावायचे नाहीत, पण कामाला पुरेसे होते. आमची रवानगी आधी कपाटावर, मग जिन्याखाली. सहातले पाच भंगारात गेले. मला बाईंनी मागून घेतलं आणि घरी नेलं. नेण्याआधी मला एकदा तेलपाणी करून घ्यावं म्हणून त्यांनी त्या जुन्या तेलवाल्याला शोधून काढलं. त्याने मला उघडलं, बोट फिरवलं आणि थांबला. म्हणाला, याच्या आठव्या चाकाचा दात गेलाय, कधीमधी हातचा खात असणार. बाईंनी विचारलं, केव्हापासून?

"झीज काय एका दिवसात होते बाई?" तो म्हणाला. "आठेक वर्षं तरी असेल. पण तुमच्याकडे दुबार असायची ना? मग काळजी नाही."

बाईंनी घरी येऊन वही काढली, ती पानं उघडली आणि दुसऱ्या रकान्यातल्या खुणा एकेक करून मोजल्या. नवऱ्याने काय झालं विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. त्याला त्यात एवढं मोठं काही दिसेना. म्हणाला, एकशे साठच आहेत ना, यंत्र आता दुरुस्त आहे, घरी बसून एकेक करून टाक, कुणाला कळणार आहे?

"मला कळलंय ना," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या रविवारी त्यांनी मला एका जाड पिशवीत घातलं आणि पडताळ्यांच्या घरी नेलं. त्यांच्या सुनेने दार उघडलं. ते खिडकीजवळ खुर्चीत बसले होते. नजर जवळजवळ गेली होती. उजेड-अंधार तेवढा कळायचा. मला टेबलावर ठेवताना माझी मूठ जरा हलली आणि ते हसले. "आठव्या टेबलाचा नाही ना हा? तुमचाच," म्हणाले. आमच्याकडे टेबलं सहाच होती. तो त्यांचा जुना विनोद होता.

बाई हसल्या नाहीत. सुनेने चहा ठेवला, तो निवला. मग एकदम म्हणाल्या, "काका, तुम्ही डोळ्यांसाठी रजेवर होतात, तेव्हाची दुबार कुणीच केलेली नाही. शेजारच्या टेबलाचं मी खोटं सांगितलं. तुमच्या खुणा मीच काढल्या."

पडताळ्यांनी मान त्यांच्याकडे वळवली.

"किती?" त्यांनी विचारलं.

"एकशे साठ."

"माझ्यासारख्या जमल्या?"

"जमल्या."

"वाईट झालं. जरा कमी जमल्या असत्या तर तेव्हाच धरलं असतं तुला." इतक्या वर्षांत त्यांनी बाईंना पहिल्यांदाच अगं-तुगं केलं होतं. ते रागाने की मायेने, मला सांगता येणार नाही. दोन्ही असावं. नंतर ते म्हणाले की त्या नोकरीत माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, एक खूण होती. बाई रडायला लागल्या. त्यांनी रडू दिलं. समजूत घातली नाही, की जाऊ दे असंही म्हणाले नाहीत.

मग त्यांनी चाचपडत माझी मूठ शोधली. "वही आणलीयेस? खोडू नकोस काही. पहिला भाजक मांड."

अशी पुन्हा सुरुवात झाली. दर रविवारी वीस भागाकार. दुबार कशी करायची हा प्रश्न होता, कारण गणक एक आणि डोळ्यांची जोडीही एक. त्यावर पडताळ्यांनीच तोड काढली. पहिल्या वेळी बाई मूठ फिरवणार, ते पाठ करून बसणार आणि कानाने फेऱ्या मोजणार. किती फेऱ्यांनी घंटी वाजली, त्यावरून प्रत्येक घराचा आकडा त्यांना कळायचा आणि भागाकार तोंडपाठ राहायचा. दुसऱ्या वेळी ते स्वतः मूठ फिरवणार, बाई खटके मांडणार आणि बाकी वाचणार. मला नवा दात बसला होता, अंगात तेल होतं. माझ्या उभ्या आयुष्यात मी इतका जपून चाललो नसेन.

पाचव्या रविवारी, त्या दिवसाचा शेवटचा भाजक म्हणून, वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीसची पाळी आली. बाईंनी मूठ फिरवली. पाच फेऱ्या, सहावीला घंटी. तीन, चौथीला घंटी. सहा. तीन. दोन. दोन. दोन. तीन. पाच. गाडी शेवटच्या घरावर आली. सात फेऱ्या झाल्या, आठवीला घंटी वाजली, बाईंनी एक फेरी पुढे घेतली आणि हात मुठीवरच राहिला.

पडताळे पाठ करून बसले होते. त्यांनी वाट पाहिली. "बाकी सांग," ते म्हणाले.

बाईंनी खिडकी पुन्हा एकदा उजवीकडून डावीकडे वाचली.

"अगं, बाकी."

"नाही," बाई म्हणाल्या. "बाकी नाहीये, काका."

पडताळे हळूहळू वळले. त्यांचे डोळे माझ्याकडे लागले, पण दिसत काहीच नव्हतं. मी अठराच्या अठरा शून्यं छाती काढून दाखवत होतो आणि ते त्यांना बघता येत नव्हतं याचं मला फार वाईट वाटलं. ते एवढंच म्हणाले, "मग परत मांड. दुबार झालेली नाही."

या खेपेला मूठ त्यांच्या हातात होती. एकही फेरी अर्धवट राहिली नाही. पुन्हा तेच आकडे, पुन्हा शून्यं. मग उलटा पडताळा. पाच अब्ज छत्तीस कोटी बत्तीस लाख बावीस हजार तीनशे सत्तावन्न, गुणिले वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस. फिरवून झाल्यावर बाईंनी उजवीकडून खिडकी वाचायला घेतली. त्या म्हणत, "एक," आणि पडताळे म्हणत, "एकं." "एक." "दहं." "एक." "शतं." सून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिला काय चाललंय कळत नव्हतं, पण ती हलली नाही. असं करत करत बाई सतराव्यांदा एक म्हणाल्या आणि पडताळे म्हणाले, "मध्य." त्यांचा चेहरा ओला झाला होता.

मोठा तुकडा पुढे फुटत नाही, हे दोघांच्या लगेच लक्षात आलं. त्याला फोडू शकेल असा भाजक त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर हजारांच्या आतच सापडायला हवा होता, आणि तिथवरचे सगळे त्यांनी पहिल्या वर्षातच बघून टाकले होते. म्हणजे शोध संपला होता. तेव्हा बाईंना उरलेला हिशोब टोचला. म्हणाल्या, नंतरची सहा वर्षं मी तुमची फुकट घालवली, काका. साठ लाखांपर्यंत उगाच नेलं तुम्हाला.

पडताळ्यांनी त्यावर विचार केला. खोटा दिलासा देण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. "फुकट गेली, हे खरंय," ते म्हणाले. "पण ही गेल्यानंतर त्या सहा वर्षांत दुपारी मला एकट्याने जेवावं लागलं नाही."

बाईंनी वही उघडली. त्या पानांवरच्या एकशे साठ खोट्या खुणांवर एकेक सरळ रेघ मारली. खाली लिहिलं, या खुणा माझ्या आहेत, काकांच्या नाहीत, चूक माझी. सही केली, तारीख घातली. राहिलेले साठ भाजकही त्यांनी पुढचे तीन रविवार जाऊन पुरे केले. उत्तर सापडलं होतं तरीही.

ते दोघं आता नाहीत. पडताळे आधी गेले, बाई गेल्याला पाच वर्षं झाली. त्यांच्या मुलीने मला तुमच्या शाळेला दिलं. ती वही तिच्याकडे आहे. तुमच्या खिशातलं यंत्र सतरा एक पापणी लवायच्या आत फोडून देतं, हे मला ठाऊक आहे, आणि त्याचा मला हेवा वाटत नाही. माझ्यासाठी एवढंच करा. मूठ अर्ध्यावरून मागे फिरवू नका, फेरी पुरी करा, आणि वर्षातून एकदा मला तेलाचे चार थेंब द्या. तेलाविना झिजलेलं चाक ओरडत नाही, ते गुपचूप चुकतं. माणसांचंही थोडंफार तसंच असतं, असं मी ऐकून आहे.

आणि एक राहिलं. बाईंनी त्या पानावर चूक माझी असं लिहिलं, तेव्हा मी टेबलावर समोरच होतो. पुढेही कुणी विचारलं की त्या म्हणायच्या, यंत्राला काय बोलायचं, चुकले ती मीच. त्यांच्या वाट्याचं त्यांनी तोंडाने सांगितलं आणि सहीनिशी लिहिलं. मला लिहिता येत नाही आणि माझ्यासाठी वहीत रकाना नाही. म्हणून तुम्हाला सांगतो, तुम्ही दोघं तिघं तरी नीट ऐका, म्हणजे दुबार होईल. त्या दुपारी आठव्या चाकाचा हातचा मी खाल्ला होता.